नाव कुणाचं, गाणं कुणाचं

१९९२ साली मी पणजीला कॉलेजात होतो. फोंतेन्यसमध्ये एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या घरी खोली घेऊन राहायचो. ते तरुणपणी लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे. त्या दिवसांत आम्हा पोरांना मायकल बोल्टनच्या कॅसेटचं वेड लागलं होतं. त्यातलं 'व्हेन अ मॅन लव्हज अ वूमन' मी दिवसातून चारदा लावायचो. एका संध्याकाळी म्हातारबाबा दारात उभे राहून ऐकत होते. म्हणाले, "बरें गाता. पूण हें कांतार ताचें न्हय."

मला घेऊन ते आत गेले आणि कपाटातून एक छोटी, ४५ स्पीडची तबकडी काढली. बोटीवर नोकरीला असलेल्या भावानं आणलेली. सुई टेकली, ऑर्गनचे संथ सूर आले आणि मग तो आवाज. बोल्टन घासूनपुसून गातो. हा माणूस अंगणात उभा राहून कुणाला तरी परत बोलावत असल्यासारखा गात होता. नाव पर्सी स्लेज.

पर्सीची गोष्ट मला पुढे तुकड्यातुकड्यांनी कळली. तो अमेरिकेच्या दक्षिणेतल्या अलाबामा राज्यातला, कृष्णवर्णीय, शेतमजुरी करणाऱ्या वस्तीत वाढलेला. दिवसा इस्पितळात रुग्णसेवक आणि सुट्टीच्या दिवशी एका बँडबरोबर गायक. १९६६ च्या सुरुवातीला शेफिल्ड गावातल्या क्विन आयव्ही यांच्या लहानशा स्टुडिओत हे गाणं ध्वनिमुद्रित झालं. ऑर्गनवर स्पूनर ओल्डहॅम, ड्रमवर रॉजर हॉकिन्स, दोघेही गोरे. ज्या राज्यात आदल्याच वर्षी सेल्माच्या मोर्च्यावर पोलिसांच्या लाठ्या पडल्या होत्या, तिथे हे सगळे एका खोलीत बसून एक गाणं बसवत होते. शेवटी वाजणारी पितळी वाद्यं थोडी बेसूर आहेत. अटलांटिक कंपनीच्या जेरी वेक्सलरनी ती पुन्हा वाजवून घ्यायला सांगितली, पण चुकून पहिलीच प्रत बाजारात गेली, अशी हकीकत सांगतात. त्या बेसूर प्रतीनं मे १९६६ मध्ये अमेरिकेत पहिला क्रमांक गाठला.

१९८७ मध्ये एका जीन्सच्या जाहिरातीत ते वाजलं आणि ब्रिटनमध्ये २१ वर्षांनी दुसऱ्या क्रमांकावर गेलं. १९९१ मध्ये बोल्टननं ते नव्यानं गायलं. पुन्हा पहिला क्रमांक, वर ग्रॅमी. एकच गाणं, दोन आवाज, दोघांचाही पहिला नंबर. असं क्वचितच होतं.

एप्रिल २०१५ मध्ये पर्सी वारला, तेव्हा पेपरात वाचलं ते मात्र मला ठाऊक नव्हतं. गीतकार-संगीतकार म्हणून त्या गाण्यावर पर्सीचं नावच नाही! कॅल्विन लुईस आणि अँड्र्यू राइट, म्हणजे त्याच्या बँडमधले दोघे साथीदार, यांची नावं आहेत. पर्सी सांगायचा की चाल लहानपणी शेतात गुणगुणलेली आपलीच, प्रेमभंगही आपलाच. साथीदारांनी मदत केली म्हणून सगळं श्रेय त्यांना देऊन टाकलं. तो निर्णय चुकला, असंही तो पुढे म्हणायचा. कारण दुसऱ्यानं गाणं नव्यानं गायलं की रचनेचा मोबदला कागदावरच्या नावांना जातो. बोल्टनची कॅसेट जगभर खपली. त्यातला रचनेचा हिस्सा पर्सीला नव्हता.

हे वाचलं आणि मला आमचे भाऊकाका आठवले.

आमचं गाव फोंडा तालुक्यात. घरात कोकणी, पण नाटक, कीर्तन, पत्रव्यवहार मराठीत. जत्रेला मराठी नाटक झालंच पाहिजे. सत्तरच्या दशकात आमच्या मंडळींनी एक पौराणिक नाटक बसवलं. त्यातलं विरहाचं एक पद गावात इतकं मुरलं की बायका दळायच्या गिरणीवर उभ्या राहून म्हणायच्या. १९९३ च्या जत्रेत नव्या पोरांनी तेच नाटक पुन्हा केलं, पेटीऐवजी की-बोर्ड घेऊन. माईकवर निवेदनाला मी. जुनं हँडबिल समोर धरून मी ऐटीत वाचलं, पदाची चाल अमुक पेटीमास्तरांची. भाऊकाका दुसऱ्या रांगेत बसले होते. टाळ्या वाजवत होते.

रात्री घरी येताना त्यांना विचारलं, "पोरानं कसं म्हटलं?" म्हणाले, "बरं म्हटलं. माझ्यापेक्षा वर चढवलं." एवढंच.

२०१५ साली पर्सीबद्दल वाचून मी काकूकडे गेलो. काका जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. काकूनं कपड्यांच्या ट्रंकेतून वही काढली. त्यात त्या पदाची चाल काकांच्या अक्षरात, खाडाखोडीसकट. काकू म्हणाली, "चाल ह्यांचीच. मास्तर म्हापशाहून यायचे, महिनाभर तालमी घेतल्या, एक पैसा घेतला नाही. म्हणून ह्यांनी नाव त्यांचं घालायला लावलं." मग त्या ९३ च्या रात्रीबद्दल मीच भीत भीत विचारलं. ती म्हणाली, "घरी येऊन बराच वेळ पायरीवर बसले होते. मी विचारलं तर म्हणाले, नांव वचूं, पद उरलां न्हू?"

नाव गेलं तर जाऊ दे, पद उरलंय ना. काका खरं बोलले. नव्या आवाजानं जुनं गाणं मरत नाही, उलट जगतं. पर्सीचंही जगलं, बोल्टनमुळे माझ्यासारख्या पोरांपर्यंत आलं. पण पायरीवर बसलेला माणूसही खराच होता. आणि त्याला तिथं बसवणारा, माईकवरचा आवाज माझा होता.

येत्या जत्रेला तेच नाटक पुन्हा होतंय. हँडबिलाचा मजकूर या वेळी मी लिहून दिलाय. मास्तरांचं नाव काढलेलं नाही, काढायचं कारणच नाही. त्यांनी पद बसवलं. फक्त त्याच्या आधी एक ओळ घातली आहे: चाल, भाऊकाकांची.

तुमच्या घरातही अशी एखादी वही असेल. ट्रंक उघडून बघा. आणि जाणतं माणूस आहे तोवर विचारून घ्या. मी सहा वर्षं उशिरा विचारलं.