आणि त्यानंतर आई

विदर्भातली एक बाई १९५१पासून आपल्या अल्पवयीन मुलीच्या नावावरची शेती मक्त्याने देत होती. पहिली काही वर्षं सगळा व्यवहार तोंडी चालला. १९५६-५७च्या हंगामाला मात्र कुळाने कागद लिहून दिला. कागदावर जमीन मुलीची, आणि मुलीच्या वतीने आई. मुलीचे वडील जिवंत होते. पण नवरा-बायकोचं फाटलं होतं आणि बाई वीस वर्षांहून जास्त काळ वेगळी राहिली. मुलीला सांभाळणं, शेत बघणं, मक्ता ठरवणं, हे सगळं तिच्याच अंगावर.

पुढे या जमिनीवरून विदर्भाच्या कूळ कायद्याखाली प्रकरण उभं राहिलं. ते मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात आलं, आणि तिथून थेट दिल्लीला सर्वोच्च न्यायालयात गेलं. ‘जिजाबाई विठ्ठलराव गजरे विरुद्ध पठाणखान’, निकाल १९७०चा. यातली गंमत अशी की आईला अधिकार नव्हता असं म्हणणारी दुसरीतिसरी कुणी नाही, तिची मुलगीच होती. तिचा मुद्दा कायद्याला धरून होता : बाप जिवंत असताना नैसर्गिक पालक बाप. मग आईने केलेला मक्ता मला बांधील कसा?

न्यायालय म्हणालं, तत्त्व बरोबर आहे. बाप असेपर्यंत पालक बापच. पण या घरात बाप मुलीच्या बाबतीत असून नसल्यासारखा होता, त्याने कशातही लक्ष घातलं नाही, म्हणून उच्च न्यायालयाने आईला पालक धरलं ते योग्यच. मुलीचा मुद्दा फेटाळला गेला. ज्या निकालाचा आधार घेऊन पुढे देशभरातल्या आया भांडल्या, तो निकाल एका मुलीने आपल्या आईच्या सहीविरुद्ध भांडून ओढवून घेतलेला आहे. मला हे फार आवडतं. तिच्याबद्दल थोडं वाईटही वाटतं.

आता १९५६ हे साल बघा. नागपूरकराला ते वेगळं सांगावं लागत नाही. १४ ऑक्टोबरला दीक्षाभूमी, १ नोव्हेंबरला राज्य पुनर्रचना आणि नागपूरचं राजधानीपण गेलं. त्याच्या थोडं आधी, २५ ऑगस्टला, हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम लागू झाला. ज्या हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडलं, त्याचे तुकडे करून नंतर जे चार कायदे झाले त्यांतला हा एक. कायद्याच्या भाषेत ‘हिंदू’मध्ये बौद्ध, जैन, शीखही येतात, त्यामुळे ऑक्टोबरात दीक्षा घेतलेल्या लाखो घरांनाही तो लागू राहिला. त्याच्या कलम ६मध्ये लिहिलं आहे की अज्ञान मुलाचा नैसर्गिक पालक म्हणजे बाप, ‘आणि त्यानंतर’ आई.

मी सॉफ्टवेअर लिहून पोट भरते, त्यामुळे असा शब्द दिसला की थांबते. ‘त्यानंतर’ म्हणजे कधी? बाप मेल्यावर? की बाप हजर नसेल तेव्हा? तेतालीस वर्षं बहुतेक कचेऱ्यांनी पहिला अर्थ धरला. बाप परगावी असो, परदेशी असो, दुसरा संसार थाटून बसलेला असो, फॉर्मवर सही त्याचीच.

हा अर्थ बदलला तो एका रोख्यावरून. लेखिका गीता हरिहरन यांनी १९८४ मध्ये मुलाच्या नावाने रिझर्व्ह बँकेचे वीस हजारांचे रिलीफ बाँड घ्यायला अर्ज केला. नवरा-बायकोत वाद नव्हता. दोघांनी मिळून ठरवलं होतं की पालक म्हणून आई सही करेल. बँकेने अर्ज परत केला : वडिलांची सही आणा, नाहीतर कोर्टाचं पालकत्वाचं सर्टिफिकेट. त्याच सुमाराला वंदना शिवा यांचंही प्रकरण कोर्टात होतं. तिथे घटस्फोटाचा दावा सुरू होता, मूल आईजवळ होतं, आणि वडील स्वतःला एकमेव नैसर्गिक पालक म्हणवत होते. दोन्ही प्रकरणं एकत्र ऐकून १७ फेब्रुवारी १९९९ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ‘त्यानंतर’ याचा अर्थ ‘बापाच्या मृत्यूनंतर’ एवढाच नाही, ‘बापाच्या अनुपस्थितीत’ असाही आहे. बाप मुलाकडे लक्षच देत नसेल, दोघांनी आपसांत तसं ठरवलं असेल, तो दूर राहत असेल किंवा आजारपणामुळे त्याला जमत नसेल, तर आई पालक. आणि दाखला कुठला दिला? विदर्भातल्या त्या शेताचा, जिजाबाई गजरेंचा.

शब्द मात्र तसाच राहिला. कोर्टाने अर्थ बदलला, कलमातली ओळ बदलली नाही. याचा परिणाम मी स्वतः पाहिलाय. दहावीनंतर शिष्यवृत्तीसाठी आई माझं खातं उघडायला एका बँकेत गेली. निकालाला तेव्हा चौदा वर्षं झाली होती. काउंटरवरचे काका म्हणाले, “मॅडम, मिस्टरांची सही लागेल.” आई म्हणाली, “सही करणारा माणूस असता तं मी कायले आली असती इथं?” खातं तिसऱ्या फेरीत उघडलं, तेही कारण मॅनेजर बदलले होते. सिस्टिमचा नियम बदलला तरी फॉर्म जुनाच छापत राहतात, हे मला नोकरी लागायच्या आधीच कळलं होतं. आता थोडं हललंय. २०१६च्या शेवटापासून पासपोर्टला एका पालकाचं नाव पुरतं, आणि महाराष्ट्रात १ मे २०२४पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर नावानंतर आधी आईचं नाव येतं, मग वडिलांचं.

ऑफिसात चहाच्या टपरीवर अशा गोष्टी निघाल्या की लोक ‘पालकत्व’ आणि ‘ताबा’ यांची खिचडी करतात. पालकत्व म्हणजे मुलाच्या वतीने निर्णय आणि सही. ताबा म्हणजे मूल रोज कुणाच्या घरी झोपतं. दोन्ही एकाच व्यक्तीकडे असतील असं नाही. त्याच कलम ६मध्ये असंही आहे की पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा सर्वसाधारणपणे आईकडे असावा. यावरून एक दंतकथा पसरली आहे की पाचवा वाढदिवस झाला की मूल आपोआप वडिलांकडे जातं. तसं काहीही नाही. पाचनंतर, आणि खरं तर पाचआधीसुद्धा, कोर्ट मुलाचं हित बघतं. गोव्यातून आलेल्या रॉक्सन शर्मा प्रकरणात २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की एवढ्या लहान मुलासाठी आई अयोग्य आहे असं म्हणायचं असेल तर ते बापाने सिद्ध करायचं. आईने आपली लायकी सिद्ध करत बसायचं नाही.

मूल जरा मोठं असेल तर न्यायाधीश त्याचंही ऐकू शकतात. १८९०चा पालक व पाल्य कायदा हे म्हणतो, पण वयाचा आकडा देत नाही. समजून सांगण्याइतकं मोठं, एवढंच. हाच कायदा म्हणतो की अर्ज मूल जिथे नेहमी राहतं तिथल्या कोर्टात करायचा, वडील पुण्यात नोकरीला असोत की दुबईत. आणि याच कायद्यात, बाप जिवंत आणि लायक असेल तर कोर्टाने दुसरा पालक नेमू नये असं कलम होतं. त्यात ‘किंवा आई’ हे शब्द घालायला २०१० साल उजाडलं. एकशेवीस वर्षं!

पैशाचा इतिहास याहून रोखठोक आहे. पोटगीचा कायदा फौजदारी संहितेत का, हा प्रश्न मला बरेच दिवस होता. हा तर घरगुती मामला. उत्तर इंग्रजांच्या काळात आहे. १८७२ची फौजदारी संहिता ज्यांच्या हाताखाली तयार झाली, त्या जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी या तरतुदीचं समर्थन केलं ते भटकेगिरी रोखण्याचा उपाय म्हणून. टाकलेली बायको-पोरं रस्त्यावर येऊन सरकारला त्रास होऊ नये, म्हणून नवऱ्याला दरमहा काही द्यायला लावायचं. न्याय वगैरे नंतर. म्हणून रकमेला मर्यादाही घातलेली. १८९८च्या संहितेत महिन्याला पन्नास रुपये, मग शंभर, १९५५ मध्ये पाचशे. १९७३ मध्ये नवी संहिता आली, कलम १२५ आलं, आणि आकडा पाचशेच राहिला. महाराष्ट्राने १९९९ मध्ये तो दीड हजार केला. २००१ मध्ये संसदेने मर्यादाच काढून टाकली. म्हणजे माझ्या जन्माच्या वेळी कितीही पगार असलेल्या बापाला या कलमाखाली पाचशेच्या वर द्यायला लावता येत नव्हतं. त्याहून जास्त हवं तर दिवाणी कोर्टाची वेगळी पायपीट.

हे कलम सगळ्या धर्मांना लागू आहे. मुस्लिम स्त्रियांसाठी १९८६ मध्ये वेगळा कायदा झाला तरी मुलांचा १२५खालचा हक्क त्याने जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्येच सांगितलं. मूल कायदेशीर विवाहातलं आहे की नाही, यानेही फरक पडत नाही. आईही कमावत असेल तर? हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यात मुलांना पोसायची जबाबदारी दोघांवर आहे, आणि २००० सालच्या पद्मजा शर्मा प्रकरणात कोर्टाने मुलांचा खर्च बाप-आईत दोनास एक असा वाटून दिला. आई कमावते म्हणून बापाचा हिस्सा शून्य होत नाही. आणखी एक, जे दोन्हीकडचे लोक विसरतात : पैसे थकवले म्हणून मुलाला बापाला भेटण्यापासून तोडता येत नाही, आणि भेटू देत नाहीत म्हणून बापाला पैसे थांबवता येत नाहीत. भेट ही मुलाची, पैसेही मुलाचे.

आज पोटगीबद्दल भारतातल्या कुठल्याही कोर्टात जो निकाल सगळ्यात आधी दाखवला जातो, तो नागपूरचा आहे हे इथल्या फार कमी लोकांना ठाऊक असतं. ‘रजनेश विरुद्ध नेहा’. जानेवारी २०१३ मध्ये, मूल झाल्यावर थोड्याच दिवसांत, पत्नीने घर सोडलं. २ सप्टेंबर २०१३ला स्वतःसाठी आणि मुलासाठी अंतरिम पोटगीचा अर्ज केला. अंतरिम म्हणजे मुख्य निकाल लागेपर्यंत चूल पेटती राहावी म्हणून. त्या अर्जावर आदेश व्हायला ऑगस्ट २०१५ उजाडला : पत्नीला महिन्याला पंधरा हजार, मुलाला आधी पाच आणि मग दहा हजार, सगळं सप्टेंबर २०१३पासून. नवरा नागपूर खंडपीठात गेला. २०१८ मध्ये तिथे हरला. मग सर्वोच्च न्यायालय. त्याचं म्हणणं, आता काम नाही, पैसे आणू कुठून.

४ नोव्हेंबर २०२०ला न्या. इंदू मल्होत्रा आणि न्या. सुभाष रेड्डी यांनी त्याचं अपील तर फेटाळलंच, पण या सात वर्षांकडे बघून सगळ्या देशासाठी नियम घालून दिले. मला त्यातला एक भाग विशेष वाटतो, कारण तो शुद्ध डिझाइनचा आहे. तोवर पोटगीच्या खटल्यात बायको उत्पन्न फुगवून सांगायची, नवरा कमी करून सांगायचा, आणि न्यायाधीश मधला काहीतरी आकडा अंदाजाने काढायचे. आता दोघांनीही मालमत्ता आणि देणी यांचं प्रतिज्ञापत्र भरायचं : पगार, बँक खाती, कर्जं, गाड्या, गुंतवणूक, मुलाचा खर्च, सगळं ठरलेल्या नमुन्यात. अंतरिम अर्ज चार ते सहा महिन्यांत निकाली काढायचा प्रयत्न करायचा. रक्कम आदेशाच्या नव्हे, अर्जाच्या तारखेपासून. धडधाकट माणसाने नुसतं ‘बेरोजगार आहे’ म्हणून सुटका नाही.

शेती करणाऱ्यांसाठी त्या नमुन्याची वेगळी आवृत्ती आहे. तिच्यात जमीन किती, कुठे, कोरडवाहू की ओलिताची, पिकं कोणती, गेल्या तीन वर्षांचं उत्पन्न, गुरंढोरं, हे रकाने आहेत. आपल्याकडे गावात कित्येक नवरे ‘शेतीत काही उरत नाही’ म्हणून हात वर करतात. कधी ते खरंही असतं. पण आता ते शपथेवर, आकड्यात लिहावं लागतं, आणि सातबारा तलाठ्याकडे असतोच.

एक तारीख मात्र लक्षात ठेवावी लागते. पैसे थकले तर वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करायचा. माझ्या आईने एका जुन्या डायरीत दर महिन्याला आले, नाही आले असं लिहून ठेवलं होतं, म्हणून तिची मुदत कधी टळली नाही. थकवणाऱ्याला प्रत्येक थकलेल्या महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, आणि कैद भोगली म्हणून देणं फिटत नाही, ते उरतंच. १ जुलै २०२४पासून कलम १२५ गेलं आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेत तेच १४४ क्रमांकाने आलं. आकडा बदलला, आशय तोच. वकील अजूनही ‘एकशेपंचवीस’च म्हणतात.

नागपूरच्या त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने थकबाकी भरायला बारा आठवडे दिले, आणि कुटुंब न्यायालयाला २०१३चा मूळ अर्ज शक्यतो सहा महिन्यांत निकाली काढायला सांगितलं. अर्ज झाला तेव्हा अंगावर पिणारं पोर होतं ते. तोवर शाळेत जायला लागलेलं असणार.