पत्त्याची डावी बाजू

मेल सर्व्हरवर नवा प्राप्तकर्ता नोंदवणे हे आज प्रोग्रॅममधील चार ओळींचे काम आहे. मात्र ते नाव कोणत्या लिपीत असावे, हे ऑगस्ट १९८२ मध्येच ठरून गेले होते. त्या महिन्यात जॉन पोस्टेल यांनी संपादित केलेले एसएमटीपीचे नियम प्रसिद्ध झाले. ‘आरसीपीटी टू’ ही आज्ञा देऊन प्राप्तकर्ता सांगायचा. तो मान्य झाल्यास उत्तर २५०, पेटीच नसल्यास ५५०. हा सारा संवाद सात बिटांच्या आस्कीत चालायचा आणि आस्कीत देवनागरीला स्थान नव्हते. १९८६ मध्ये सुरू झालेल्या एर्नेटमार्फत ई-मेल आपल्या विद्यासंस्थांत पोहोचला, तोही रोमन पत्ता घेऊनच.

पत्त्याची उजवी बाजू तुलनेने लवकर सुटली. डोमेनचे नाव आस्कीत सांकेतिक रूपाने लिहिण्याची युक्ती २००३ मध्ये प्रमाणित झाली. २०१४ मध्ये ‘.भारत’ही आले. डावी बाजू, म्हणजे माणसाचे नाव, अडून राहिली. तिचा अर्थ लावण्याचा अधिकार केवळ प्राप्तकर्त्याच्या सर्व्हरला असल्याने मधल्या कुणी रूपांतर करणे गैर ठरते. अखेर फेब्रुवारी २०१२ मध्ये ‘एसएमटीपीयूटीएफ८’ हा विस्तार प्रमाणित झाला. पुढच्या सर्व्हरला तो येत नसेल, तर पत्र सरळ परत फिरते. कठोर वाटले तरी, नाव मोडून पाठवण्यापेक्षा हे बरे.

खरी कसोटी नोंदणीच्या प्रोग्रॅमची. ‘कऱ्हाडे’ हे आडनाव घ्या. यातला ‘ऱ’ युनिकोडमध्ये एकाच चिन्हाने लिहिता येतो, किंवा ‘र’ आणि नुक्ता अशा दोन चिन्हांनी. डोळ्यांना दोन्ही सारखेच. संगणकाला मात्र ती दोन वेगळी माणसे! नोंद करताना दोन्ही रूपे एकाच प्रमाण रूपात आणली नाहीत, तर कऱ्हाड्यांचे पत्र ५५० म्हणत परतेल. ‘र’, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह अशी तिसरीही रीत रूढ आहे. ती तर या प्रमाणीकरणातूनही निसटते. तिच्यासाठी नियम वेगळा लिहावा लागतो.

शिवाय डाव्या बाजूची ६४ बाइटांची जुनी मर्यादा कायम आहे. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, म्हणून रोमनमध्ये ६४ अक्षरे मावतात तिथे आपली काना-मात्रा धरून २१ चिन्हेच बसतात.