पवनीचे स्तूप आणि त्यांचे दाते

जेरुसलेमभोवती आज उभा असलेला तट ओस्मानी सुलतान सुलेमान याने १५३७ ते १५४१ या काळात बांधवून घेतला आणि त्यावर कोरलेल्या लेखांतून आपले नावही कायम केले. एका शासकाच्या नावाशी जोडलेल्या अशा वास्तूंहून वेगळी कहाणी भंडारा जिल्ह्यातील पवनीची आहे; या तीर्थक्षेत्राला वैनगंगेवरील घाट आणि मंदिरे यांमुळे ‘विदर्भाची काशी’ म्हटले जाते. नदीच्या आश्रयाने वसलेल्या या गावालाही जुना मातीचा तट आणि खंदक आहे, परंतु तेथील सर्वांत प्राचीन धर्मवास्तूंमागे असा एकच एक शासक दिसत नाही.

नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी १९६९-७० मध्ये शां. भा. देव व जगत्पती जोशी यांच्या नेतृत्वाखाली येथे उत्खनन केले, तेव्हा जगन्नाथ टेकडी आणि सुलेमान टेकडी (या नावाचा त्या सुलतानाशी संबंध नाही) यांच्या पोटात दोन स्तूप, म्हणजे पूज्य अवशेषांवर किंवा स्मृतीसाठी रचलेल्या भरीव घुमटाकार वास्तू, उघडकीस आले. पहिल्याचा व्यास सुमारे ३८ मीटर, तर दुसऱ्याचा ४१ मीटरांहून अधिक आहे. सांचीचा महास्तूप सुमारे ३६.६ मीटर व्यासाचा आहे, हे लक्षात घेतले म्हणजे पवनीची उपेक्षा किती अन्यायाची आहे ते कळते. जगन्नाथ टेकडीवरील विटांच्या स्तूपाभोवती पुढे दगडी वेदिका, म्हणजे प्रदक्षिणामार्गाला वेढणारा कठडा, उभारण्यात आली, आणि तिच्या एका स्तंभावर मुचलिंद नाग फणा पसरून बुद्धाच्या रिकाम्या आसनावर छत्र धरताना दाखवला आहे. बुद्धाची मूर्ती घडवण्याची प्रथा रूढ होण्यापूर्वी त्याचे अस्तित्व अशा चिन्हांनीच सुचवले जात असे.

राजसत्तेच्या खुणा पवनीत आहेतच. भार कुळातील राजा भगदत्त याचा शिलालेख येथे मिळाला असून महाक्षत्रप कुमार रूपिअम्म याच्या नावाचा छायास्तंभ, म्हणजे मृताच्या स्मरणार्थ उभारलेला खांबही सापडला आहे. मात्र वेदिकेच्या दगडांवरील ब्राह्मी लेख बहुतांशी सामान्य दात्यांचे आहेत, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते पवनीचे खरे वैभव तेथेच शोधले पाहिजे, कारण एवढी मोठी वास्तू एकाच राजाच्या कोषातून नव्हे, तर उपासक-उपासिकांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे दिलेल्या दानांतून सजत गेली. विसमिता नावाच्या दात्रीच्या लेखात तिचे दान सर्व प्राण्यांच्या सुखासाठी असावे, एवढीच इच्छा नोंदलेली आहे.