खाण, कालवा आणि निवांत वाट



सायकलीचा इतिहास सांगणारे बहुधा यंत्रापासून आरंभ करतात. चाक केव्हा लहान झाले, साखळी केव्हा आली, हवेचा टायर कोणी काढला, इत्यादी. त्या यंत्राविषयी मला आदर आहे. परंतु आज मी यंत्राविषयी बोलणार नसून वाटेविषयी बोलणार आहे. मोटारींची वर्दळ नाही, दोन्ही बाजूंना शेते किंवा कालव्याचे पाणी, आणि सायकलस्वाराला स्वतःच्या श्वासाचा आवाज ऐकू येतो, अशी वाट. युरोपात अशा वाटा हजारो मैल आहेत आणि प्रवासवर्णनांतून त्यांची वाखाणणी निसर्गाची देणगी म्हणून होते. आम्हा युनियनवाल्यांना कोणी देणगीचे नाव काढले की पावती मागण्याची खोड असते. ती पावती मी शोधू लागलो, तेव्हा असे आढळले की या वाटांवर आधी कोणीतरी घाम गाळलेला आहे, आणि पुष्कळ ठिकाणी ते काम बंद पडले म्हणूनच वाट निवांत झाली आहे. बेल्जियममधील लिंबर्ग या एकाच प्रांताच्या आधाराने मी हे मांडणार आहे.

लिंबर्गचा उत्तर भाग म्हणजे वाळवंट म्हणता येणार नाही, पण वाळूची, खुरट्या झुडपांची, गरीब जमीन. गेंक हे तिथले लहानसे खेडे. चित्रकार तिथे माळरानाची चित्रे काढायला येत. १९०१ साली आंद्रे द्यूमाँ या भूगर्भशास्त्रज्ञाच्या खटपटीने आस या गावी जमिनीखाली कोळसा लागला. परंतु लागला म्हणजे हाती आला असे नव्हे. कोळशाच्या वर शेकडो मीटर पाण्याने भरलेली वाळू होती. ती जमीन कृत्रिम रीतीने गोठवून, त्या बर्फातून विहिरीसारखा उभा मार्ग खणावा लागे. त्यात पहिले महायुद्ध आले. विंटरस्लाखच्या खाणीतून पहिला कोळसा वर आला तो १९१७ साली, म्हणजे शोधानंतर सोळा वर्षांनी. पुढे एकंदर सात खाणी झाल्या. त्यांच्याभोवती कंपन्यांनी कामगारांसाठी बागबगीच्यांच्या वसाहती बांधल्या. घरे चांगली होती, हे कबूल केले पाहिजे. पण नोकरी गेली की घर गेले, ही मेख त्या घरांच्या पायातच होती. स्थानिक माणसे पुरेनात तेव्हा दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीहून आणि १९६४च्या करारांनंतर तुर्कस्तान व मोरोक्कोहून माणसे आणली गेली.

आता सायकल घेऊन रानात जायला नुसती सायकल पुरत नाही. रिकामा दिवस लागतो. हा मुद्दा सायकलीच्या पुस्तकांत क्वचितच येतो, म्हणून मी येथे जरा थांबतो. आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीने मुंबईच्या गिरणी कामगारांना १८९० साली रविवारची सुटी मिळवून दिली. बेल्जियमसारख्या पुढारलेल्या देशात रविवारच्या विश्रांतीचा कायदा झाला १९०५ साली! आठ तासांच्या दिवसाचा कायदा १९२१चा. आणि वर्षाकाठी पगारी रजा, तीही अवघी सहा दिवसांची, मिळाली ती १९३६च्या जून महिन्यात देशभर झालेल्या सार्वत्रिक संपानंतर. त्या सहा दिवसांपूर्वी कामगाराची सायकल घर ते काम आणि काम ते घर एवढेच रस्ते ओळखत होती. त्या सायकलीवर प्रांताचा करही असे, आणि कर भरल्याची खूण म्हणून धातूची पट्टी लावावी लागे. आपल्या नगरपालिकांचा सायकलीचा बिल्ला ज्यांना आठवत असेल त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

खाणी फार दिवस टिकल्या नाहीत. तेल स्वस्त झाले, परदेशचा कोळसा त्याहून स्वस्त पडू लागला. १९६५च्या अखेरीस झ्वार्टबर्गची खाण बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला. कामगार संपावर गेले, शेजारच्या खाणींतले लोक त्यांना येऊन मिळाले. ३१ जानेवारी १९६६ रोजी सशस्त्र पोलिसांबरोबरच्या चकमकीत दोन माणसे प्राणास मुकली. खाण तरीही बंद झाली. एवढेच झाले की, दुसरे काम दिल्याशिवाय खाण बंद करता येणार नाही ही मागणी त्या रक्ताने सरकारच्या कागदावर उतरली. बाकीच्या खाणींचा शेवट वीस वर्षांनी, पण भराभर आला. १९८७त आइस्डन आणि वाटरस्खे, १९८८त विंटरस्लाख, १९८९त बेरिंगन, आणि ३० सप्टेंबर १९९२ रोजी झोल्डर. पाऊण शतकात एक उद्योग जन्मला, प्रौढ झाला आणि मेला.

मागे काय उरले? उंच लोखंडी मनोरे, कोळशाबरोबर वर आलेल्या दगडमातीची काळी टेकाडे, आणि खाणींना जोडणारा रूळमार्ग, ज्यावर गाडी येणार नव्हती. त्याखेरीज कालवे होते. झाउड-विलेम्स कालवा १८२६ साली पुरा झाला, तेव्हा बोटीला यंत्र नव्हते. काठाच्या अरुंद वाटेवरून घोडे, आणि घोडा परवडत नसेल तेथे माणसे, दोर खांद्याला लावून नावा ओढीत. बोटीला यंत्र बसले आणि ती ओढवाट रिकामी झाली. त्यापेक्षा मोठा आल्बर्ट कालवा १९३० ते १९३९ या दहा वर्षांत खणला गेला. त्याच्या काठीही देखभालीचा सपाट रस्ता आहे. तिसरी वाट शेतकऱ्याची. दुसऱ्या महायुद्धानंतर विखुरलेल्या तुकड्यांचे एकत्रीकरण झाले तेव्हा बांधाबांधाने सिमेंटच्या अरुंद सडका झाल्या. त्यांच्या तोंडाशी पाटी असते की, शेतीची वाहने आणि सायकली यांखेरीज कोणीही आत येऊ नये.

म्हणजे सामग्री सगळी हजर होती. उणीव होती ती जोडण्याची. ते काम ह्यूगो बोलन या खाण-अभियंत्याच्या कल्पनेतून १९९५ साली लिंबर्गमध्ये उभे राहिले. त्याआधी सायकलीचे मार्ग आखीत ते वर्तुळासारखे. एका ठिकाणी निघायचे, बाणांमागून जायचे, चाळीस किलोमीटरांनी परत तेथेच यायचे. मध्ये दमलात तरी सुटका नाही, आणि दुसऱ्यांदा गेलात तर तेच झाड आणि तेच कुंपण. बोलन यांनी मार्गांना नाव देण्याचे सोडून दिले आणि तिठ्यांना क्रमांक दिले. ज्या ज्या ठिकाणी निवांत वाटा एकमेकींना मिळतात तेथे एक आकडा. त्या खांबावर पुढच्या प्रत्येक तिठ्याचा आकडा आणि त्या दिशेचा बाण. सायकलस्वाराने घरून निघताना आठ-दहा आकडे चिठ्ठीवर लिहून घ्यायचे की काम भागले. ज्याच्याजवळ दोन तास आहेत त्याने दोन तासांची वाट जुळवावी, ज्याच्याजवळ दिवस आहे त्याने दिवसाची. ही कल्पना एखाद्या प्रवासी कंपनीच्या कचेरीत न सुचता खाणीच्या माणसाला सुचावी, याचे मला नवल वाटत नाही. जमिनीखाली ना सूर्य दिसतो ना देऊळ. तेथे बोगद्याची फाटाफूट हाच नकाशा. शिवाय आकडा फ्लेमिश माणसालाही कळतो, इटालियनालाही कळतो आणि तुर्कालाही. ज्या वसाहतींत इतक्या भाषा नांदत होत्या तेथे हा गुण लहान म्हणता येणार नाही.

आज लिंबर्गमध्ये असे मार्ग सुमारे २,००० किलोमीटर आहेत आणि ही पद्धत उर्वरित बेल्जियम, नेदरलँड्स व जर्मनीच्या काही भागांत पसरली आहे. जुन्या कोळशाच्या रूळमार्गाचा मोठा भाग सायकलीचा झाला. २००६ साली आइस्डनच्या परिसरात फ्लांडर्सचे पहिले राष्ट्रीय उद्यान उघडले. काळी टेकाडे त्याच्या दाराशीच आहेत. २०१६ साली बोकरेक येथे तळ्यामधून वाट काढली, तिथे पाणी सायकलस्वाराच्या नजरेच्या उंचीवर येते. परदेशी पाहुणे ते पाहायला गर्दी करतात. माझ्या मते तो थोडा शोभेचा प्रकार आहे. सिमेंटची साधी शेतसडक त्याहून अधिक उपयोगी.

परंतु या वाटेने खाणकामगाराला पगार दिला असे कोणी म्हणेल तर त्याला मी अडवीन. भाड्याच्या सायकली, खानावळी आणि लहान हॉटेले यांनी काही घरे सावरली, हे खरे. पण मोठा आधार होता गेंकच्या मोटार कारखान्याचा, आणि तोही डिसेंबर २०१४त बंद झाला. वाटेचे श्रेय वाटेला द्यावे, अधिक नाही. ते श्रेय असे की, खाणी गेल्यावर त्यांची जमीन आणि त्यांचे रूळ सर्वस्वी तारेच्या कुंपणामागे गेले नाहीत.

हे श्रेय किती मोठे आहे, ते मुंबईकराला कळावे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकामागून एक थंडावल्या. १९९१च्या नियमाने असे ठरले होते की, गिरणीच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी आणि उरलेला मालकाला. २००१ साली त्या नियमात दुरुस्ती झाली आणि वाटणी फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जागेची करायची असा अर्थ झाला. इमारतींखालची जमीन त्यातून सुटली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. गिरण्यांच्या आवारातही रूळ होते, तलाव होते. त्या जागी आज काय आहे ते लोअर परळच्या पुलावरून कोणालाही पाहता येते.

लिंबर्गचा दक्षिण भाग सुपीक आहे. सिंट-ट्रुइडन या गावाभोवती सफरचंद, नासपती आणि चेरीच्या बागा आहेत. एप्रिलमध्ये त्या फुलतात तेव्हा आकड्यांचे खांब शोधीत सायकलींची रांग लागते. उन्हाळ्याच्या अखेरीस फळ उतरते, आणि तेव्हा ते तोडायला हात लागतात. त्यांतले पुष्कळ हात गेली कित्येक वर्षे पंजाबी आहेत. होशियारपूर-जालंधरकडचे शीख तरुण १९८०च्या दशकापासून तेथे येऊ लागले, आणि गावात त्यांचा गुरुद्वाराही उभा राहिला. बागेकडे जायला त्यांना याच अरुंद शेतसडका. शिडी, पेट्या आणि ट्रॅक्टर यांची हंगामभर तेथे ये-जा चालते. त्या दिवसांत पहिला मान ट्रॅक्टरचा; सायकलस्वाराने खाली उतरून, गवतात उभे राहून त्याला वाट द्यायची असते.