राजाचा सेवक, परमेश्वराचा भक्त

राजनिष्ठा हा सद्गुण खरा. परंतु राजाज्ञा व ईश्वराज्ञा यांत विरोध आला म्हणजे प्रामाणिक मनुष्यानें काय करावें? आम्ही वाचकांस संत थॉमस मोर यांचें स्मरण करून देतों.

ते १५२९ सालीं इंग्लंडचे लॉर्ड चॅन्सेलर झाले. राजा आठवा हेन्री ख्रिस्तसभेवर सत्ता गाजवूं लागला, तेव्हां १५३२ सालीं त्यांनीं अधिकारपद सोडिलें. १५३४ सालीं शपथेचा प्रसंग आला. बहुतेक बिशपांनीं शपथ घेतली. लाडकी कन्या मार्गारेट हिनेंही, ईश्वरी नियमास बाध न येईल तेथवर, अशी अट घालून ती घेतली व पित्यास विनविलें. मोर यांनीं कोणास दोष दिला नाहीं. मात्र जें अंतःकरणांत नाहीं त्यास परमेश्वराला साक्षी ठेवणें त्यांनीं नाकारिलें. ६ जुलै १५३५ रोजीं त्यांचा शिरच्छेद झाला. १९३५ सालीं पोप अकरावे पायस यांनीं त्यांस संतपद दिलें.

प्रिय बंधुभगिनींनो, वधस्तंभ आम्हांपुढें नाहीं. परंतु कोर्टांत साक्ष देतांना भाऊबंदांची भीड आडवी येते. तेव्हां हें स्मरावें : जो देवाशीं प्रतारणा करितो, तो भावाशींही फार दिवस इमान राखीत नाहीं.