शोर्मा-चिकनच्या दुकानाचा विमा : सही करण्याआधी काय पाहावे

आमचा एक जुना विद्यार्थी आता फ्राइड चिकन आणि शोर्माचे दुकान चालवतो. मध्यंतरी तो बँकेच्या कर्जासोबत मिळालेली पॉलिसी घेऊन आमच्याकडे आला. म्हणाला, "सर, विमा तर आहेच, आता काळजी कशाची?" कागद उलगडून पाहिला, तर विम्याची रक्कम कर्जाएवढी होती, दुकानाएवढी नव्हती. गिऱ्हाईक, कामावरची पोरं, फ्रीजरमधला माल, यांचा तर उल्लेखच नव्हता. आपल्यातले बरेच तरुण या धंद्यात उतरत आहेत, म्हणून ही माहिती एकत्र देत आहोत.

विमा घ्यावा की नाही, हा प्रश्न घरात निघतोच. जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने 1985 मध्ये ठराविक हप्त्याचा व्यावसायिक विमा नाजायज आणि परस्पर सहकार्याचा विमा जायज ठरवला. असा तकाफुल विमा आपल्याकडे दुकानासाठी सहज मिळत नाही. कायद्याची सक्ती किंवा दंगलीचा धोका पाहून गरज म्हणून मुभा देणारे उलेमाही आहेत. मसला आपल्या मुफ्तीसाहेबांनाच विचारावा. विचारताना कोणता विमा सक्तीचा आणि कोणता ऐच्छिक, हेही सांगावे. आम्ही इथे फक्त कागद कसा वाचायचा, तेवढे सांगतो.

पाया म्हणजे आगीची पॉलिसी. एका जागेवरची एकूण मालमत्ता 5 कोटींपर्यंत असेल, तर 1 एप्रिल 2021 पासून 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' नावाची प्रमाणित पॉलिसी आहे. तिचा मूळ मजकूर सगळ्या कंपन्यांचा सारखाच, त्यामुळे तुलना सोपी जाते. आग, स्फोट, वीज, भूकंप, वादळ, पूर, तसेच दंगल आणि खोडसाळपणे केलेली मोडतोड तिच्यात येते. 22 जुलै 2021 ला चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी शिरले, तेव्हा मालासोबत दुकानांतले कागदही गेले. म्हणून बिलांचे फोटो मोबाइलवर आणि एक प्रत घरी, तीही उंचावर, ठेवावी.

दंगलीबद्दल गैरसमज नको. दुकान फोडले, जाळले, तर ते नुकसान या पॉलिसीत येते. पण बंदमुळे चार दिवस शटर खाली राहिले, म्हणून बुडालेला धंदा आपोआप मिळत नाही. पालिकेने अतिक्रमण म्हणून ओटा तोडला, तर त्याचेही पैसे येत नाहीत. आणि रमजानमध्ये रस्त्यावर मांडलेला स्टॉल? पॉलिसी तिच्यावर लिहिलेल्या पत्त्याची असते. स्टॉल त्यात धरला आहे का, हे मांडण्याआधी लेखी विचारावे. त्या महिन्यात माल दुप्पट भरत असाल, तर तेही कळवावे.

आता सगळ्यांत मोठी चूक. हप्ता वाचवायला रक्कम कमी लिहायची. समजा फ्रायर, ग्रिल, डीप फ्रीजर, चिमणी, फर्निचर मिळून 9 लाखांचे आहे आणि विमा 6 लाखांचा आहे. आगीत 3 लाखांचे नुकसान झाले. माणूस म्हणतो, 6 लाखांचा विमा आहे, 3 मिळतील. मिळतात 2 लाख, कारण विमा दोन तृतीयांशच होता. या पॉलिसीत 15 टक्क्यांपर्यंतची तूट माफ आहे, त्यापुढे अशी कपात होते. यंत्रांची किंमत आज नवीन घ्यायला किती लागेल, ती धरावी. जुन्या बाजारातला भाव लिहू नये. गाळा भाड्याचा असेल, तर इमारतीचा विमा मालकाकडे, पण तुम्ही केलेल्या इंटिरिअरचा तुमच्याकडे. करारनाम्यात हे स्पष्ट असावे.

आगीच्या पॉलिसीत साधी घरफोडी येत नाही. फ्रीजर बिघडून चिकन खराब झाले, गल्ल्यातली रोकड गेली, आगीनंतर तीन महिने दुकान बंद राहून भाडे आणि पगार अंगावर आले, हेही नाही. यासाठी वेगळी कलमे घ्यावी लागतात. दुकानदार पॅकेज पॉलिसीत ती एकत्र मिळतात. सगळी घ्यायची गरज नाही, पण फ्रीजर आणि धंदा बंद पडण्याचे कलम आम्हाला महत्त्वाचे वाटते.

खाण्याच्या धंद्यात गिऱ्हाइकाची जबाबदारी सर्वांत मोठी. मे 2024 मध्ये मानखुर्दला शोर्मा खाल्ल्यानंतर 19 वर्षांच्या तरुणाचा मृत्यू झाला आणि विक्रेत्यांना अटक झाली. अन्न सुरक्षा कायदा 2006 च्या कलम 65 प्रमाणे असुरक्षित अन्नाने मृत्यू झाल्यास किमान 5 लाखांची भरपाई ठरते. म्हणून सार्वजनिक दायित्वाच्या पॉलिसीत 'अन्नातून विषबाधा' हे शब्द आहेत का, ते बोट ठेवून पाहा. काही पॉलिसी दुकानात पाय घसरून पडणाऱ्याला धरतात, घरी पार्सल नेऊन आजारी पडणाऱ्याला नाही. दंड आणि फौजदारी खटला मात्र कोणताही विमा आपल्या अंगावरून काढून घेत नाही.

उकळत्या तेलाने भाजणे ही या कामातली रोजची भीती. दहा किंवा जास्त कामगार असतील, तर ईएसआयसी पाहावे लागते. त्याहून कमी असले तरी कामावर झालेल्या इजेची भरपाई मालकावर येते, त्यासाठी कामगार भरपाईची पॉलिसी असते. गावाहून आलेला भाचा "घरचाच आहे" म्हणून नोंदीत नसतो, आणि नेमका तोच फ्रायरवर उभा असतो. त्याचे नाव आणि पगार दाखवा. डिलिव्हरीच्या गाडीला थर्ड पार्टी विमा 1988 च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीचा आहे. गाडी धंद्यासाठी वापरतो, हे कंपनीला सांगून ठेवा.

एजंट फॉर्म भरत असला तरी सही आपली असते. गॅसवर तळण आहे, कोळशाची भट्टी आहे, पोटमाळ्यावर माल आहे, सगळे खरे लिहावे. घरगुती 14.2 किलोचा सिलिंडर दुकानात वापरणे बेकायदा आहे. आगीनंतर पंचनाम्यात तो सापडला, तर क्लेम अडतो. कुर्ल्यात ऑक्टोबर 2015 मध्ये एका हॉटेलात सिलिंडरच्या आगीने आठ जणांचा जीव गेला होता, तेव्हा ही नुसती कागदाची बाब नाही. 19 किलोचा व्यावसायिक सिलिंडर, अन्न परवाना, अग्निशमन यंत्रणेची तपासणी, सगळ्यांच्या तारखा एका वहीत ठेवा.

नुकसान झाले, तर त्याच दिवशी कंपनीला कळवा आणि पोलीस किंवा अग्निशमन दलाचा अहवाल घ्या. सर्व्हेअर येईपर्यंत जळका माल फेकू नका, फोटो मात्र लगेच काढा. क्लेम नाकारला, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिन्याभरात समाधान झाले नाही, तर मुंबई किंवा पुण्याच्या विमा लोकपालाकडे जाता येते. एकट्या मालकाचे दुकान आणि सूक्ष्म उद्योग यांची तक्रार तिथे चालते. मर्यादा 50 लाखांची, फी नाही, वकीलही लागत नाही. कंपनीच्या अंतिम नकारापासून एका वर्षाच्या आत मात्र जावे लागते.