बाडांतील पदांचा क्रम व चालींचे निर्देश

महाराष्ट्रांतील हस्तलिखितसंग्राहकांच्या दप्तरांत पोथीला जो मान मिळतो तो बाडाला मिळत नाहीं. पोथीचीं पानें सुटीं, परंतु फळ्यांमध्यें नीट दाबून रुमालांत बांधलेलीं; अक्षर घोटीव, समास सारखे, आरंभीं मंगल व शेवटीं लेखकाचें नांव आणि शक. समर्थांनीं दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाच्या पहिल्या समासांत लेखनक्रियेचे जे नियम घालून दिले आहेत ते अशाच लेखनाला उद्देशून आहेत. बाडाचा थाट अगदीं निराळा. आखूड बाजूस शिवलेली, खालून वर उलटणारी, एका हातांत मावणारी ही वही. अक्षर घाईचें, शाई दोनतीन प्रकारची, एका कवीच्या पदाखालीं दुसऱ्याच कवीची आर्या, आणि पुष्कळदां शेवटीं लेखकाचें नांव नाहीं कीं शक नाहीं. त्यामुळें सूचीकार बाडाच्या क्रमांकापुढें ‘स्फुट पदें, अपूर्ण’ इतकेंच लिहून पुढच्या दप्तराकडे वळतो.

‘स्फुट’ हा शब्द येथें सर्वस्वीं अयोग्य आहे असें आमचें मत असून त्याचीं कारणें प्रस्तुत लेखांत मांडावयाचीं आहेत. बाड हा ग्रंथ नव्हे. ती प्रयोगाची तयारी होय. कीर्तनकारानें किंवा शाहिरानें घरीं घोकण्यासाठीं व सभेंत उभें राहिल्यावर हाताशीं असावी म्हणून जुळविलेली ती सामग्री आहे. तींतील शब्द बहुधा अन्यत्र मिळतात. परंतु कोणत्या पदानंतर कोणतें पद, कोणतें कोणत्या चालीवर, कोणतें वेळ नसल्यास गाळावयाचें, ही माहिती त्या एका बाडांतच असते. ख्रिश्चन ली नोव्हेट्झकी यांनीं नामदेवांवरील आपल्या ग्रंथांत (सन २००८) बाड हें गाणाऱ्याचें साधन आहे व त्याकडे त्याच दृष्टीनें पाहिलें पाहिजे हें विस्तारानें दाखविलें. मराठी सूचींवर मात्र त्याचा म्हणण्यासारखा परिणाम झालेला आम्हांस दिसत नाहीं.

संगीतशास्त्रांत या भेदाला जुनी नांवें आहेत. देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवानें तेराव्या शतकांत रचिलेल्या संगीतरत्नाकरांत वाणीला ‘मातु’ व गेयाला ‘धातु’ म्हटलें असून दोहोंची रचना करणारा तो वाग्गेयकार, असें सांगितलें आहे. त्याच ग्रंथाच्या प्रबंधाध्यायांत गीताचे अवयव दिले आहेत. त्यांतील जो पुनःपुन्हां येतो व कधींही गाळतां येत नाहीं तो ‘ध्रुव’. आपलें ध्रुपद तें हेंच. आमच्या संतांच्या अभंगांचे संशोधक आजवर मातूच्या मागें लागले, आणि तें योग्यच होतें; पण हस्तलिखितांत धातूच्या ज्या थोड्या खुणा उरल्या आहेत त्यांना त्यांनीं लेखकाची लकब समजून सोडून दिलें.

सर्वांत लहान खूण म्हणजे ॥ध्रु॥ हें अक्षर. इंदुप्रकाश छापखान्यांत सन १८६९ व १८७३ मध्यें दोन भागांत छापलेल्या तुकारामबोवांच्या गाथेंत, जींत ४६०७ अभंग आहेत, पहिल्या कडव्यापुढें १ हा अंक, दुसऱ्यापुढें ध्रु, आणि तिसऱ्यापुढें २, अशी योजना बहुधा दिसते. विष्णु परशुराम शास्त्री पंडित व शंकर पांडुरंग पंडित या उभयतां संपादकांनीं ही खूण राखली याबद्दल त्यांचे उपकार मानले पाहिजेत. या अंकयोजनेचा अर्थ असा कीं पहिलें कडवें म्हणून झालें म्हणजे दुसरें धरावयाचें, आणि पुढील प्रत्येक कडव्यानंतर टाळकऱ्यांनीं त्या दुसऱ्याकडे परत यावयाचें. ही टाळकऱ्यांना दिलेली आज्ञा आहे. पुढें कित्येक छापील प्रतींत ध्रु काढून सरळ १, २, ३, ४ असे आंकडे घातले गेले. वाचणाऱ्याचें त्यांत कांहीं अडलें नाहीं. गाणाऱ्याचा रस्ता मात्र पुसला गेला. आज मैफलींत अभंग गातांना बहुधा पहिला चरणच मुखडा म्हणून धरतात, त्यामुळें जुन्या खुणेचा अर्थ विचारणाराही उरला नाहीं. जातां जातां एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. हल्लीं हें अक्षर ‘धृ’ असें लिहिण्याचा प्रघात पडला आहे. मूळ शब्द ध्रुव. त्यांत ऋकाराचा गंधही नाहीं.

आतां क्रमाकडे वळूं. नारदीय कीर्तनाचे पूर्वरंग व उत्तररंग हे दोन भाग वाचकांस विदित आहेत. पूर्वरंगांत एखादा अभंग किंवा पद घेऊन त्यावर निरूपण, मध्यें भजन, मग आख्यान. आख्यानांत कथा गद्यांत चालते व ठिकठिकाणीं आर्या, श्लोक, साकी, दिंडी, ओवी, कटाव, पद यांनीं ती उचलली जाते. मोरोपंतांची आर्या प्रसंग थोडक्यांत बांधते, वामनपंडितांचा श्लोक वर्णनाला थारा देतो, अमृतरायांचा कटाव धांवत्या लयीनें सभा हलवून सोडतो. म्हणजे कीर्तनकाराला कवी हवा असतो तो त्याच्या छंदासाठीं व त्या छंदाच्या गतीसाठीं. बाडांत एका पानावर तीन शतकांचे चार कवी शेजारीं बसलेले दिसतात तें याच कारणानें.

आमच्या संग्रहीं एक बाड आहे. त्यावर काल नाहीं, लेखक नाहीं. त्यांतील सुदाम्याच्या आख्यानाचीं पानें आम्हीं ओळीनें तपासलीं. सुदामा द्वारकेच्या वेशीपाशीं येईपर्यंतचीं वचनें एकामागून एक सलग लिहिलीं आहेत. तेथून पुढें कडेला उभी रेघ ओढलेली आहे व रेघेच्या आंत एक कटाव आणि दोन पदें आलीं आहेत. रेघ संपल्यावर जी साकी येते तिचा आरंभ असा आहे कीं ती वेशीवरच्या आर्येलाही जुळते व रेघेंतील शेवटच्या पदालाही जुळते. यावरून उघड होतें कीं रात्र मोठी असेल व श्रोते रंगले असतील तर रेघेंतील भाग गावयाचा, नाहींपेक्षां आर्येवरून सरळ साकीवर उडी घ्यावयाची. हीं तीन गीतें वेगळीं काढून पाहिलीं तर त्यांत नवें कांहींच नाहीं. परंतु त्या रेघेसह पाहिलीं तर एका कसलेल्या कीर्तनकाराची सभेची जाण आपल्या हातीं येते. पानांचे खालचे कोपरे, जेथें आंगठा लागतो तेथें, तेलकट व काळे झाले आहेत, आणि आख्यानाआख्यानांत हा काळेपणा कमीअधिक आहे. कोणतें आख्यान अधिक वेळां उघडलें गेलें हें सांगणारा दुसरा साक्षीदार आम्हांस ठाऊक नाहीं.

वारकरी भजनाची मांडणी याहून वेगळी. तेथें आख्यान नसल्यानें क्रम काळावर बसविलेला आहे. भजनमालिकांत वारांचे अभंग, एकादशीचे, काल्याचे, गौळणी, विरहिण्या, आरत्या, असे विभाग असतात. चालीचा निर्देश तेथें क्वचितच. कारण चाल वीणेकऱ्याच्या व टाळकऱ्यांच्या गळ्यांत असते आणि दिंडीबरोबर चालतांना ती नव्या माणसाच्या अंगीं मुरते.

बाडांत मात्र चालीचा निर्देश हटकून आढळतो, आणि आमच्या विषयाचा गाभा तोच आहे. प्रथम एक घोंटाळा दूर करूं. ‘चाल’ हा शब्द दोन अर्थांनीं येतो. पदाच्या माथ्यावर ‘चाल’ लिहून पुढें दुसऱ्या एखाद्या पदाचे आरंभींचे शब्द दिले असले तर तें पद त्या दुसऱ्याच्या सुरावर म्हणावयाचें. पोवाड्यांत व लावणींत मात्र मध्येंच नुसतें ॥चाल॥ येतें. तेथें त्याच रचनेंत गति बदलावयाची असते. ॲक्वर्थ व शाळिग्राम यांच्या सन १८९१ च्या पोवाडासंग्रहापासून आजपर्यंत इतिहासाभ्यासकांनीं पोवाड्यांतून लढाया व नांवें वेंचलीं. शाहीर कोठें वेग वाढवितो व कोठें थांबतो इकडे थोड्यांचेंच लक्ष गेलें.

पहिल्या प्रकारचा निर्देश केवळ मराठी नव्हे. गुरु अर्जुनदेव यांनीं सन १६०४ मध्यें सिद्ध केलेल्या आदिग्रंथांत, जेथें आपल्या नामदेवांचीं ६१ पदें आहेत, बहुतेक रचना रागवार लाविली आहे. आणि तींतील २२ वारांपैकीं नऊ वारांच्या माथ्यावर ती कोणत्या लोकप्रसिद्ध वीरगीताच्या धुनीवर म्हणावी हें लिहिलेलें आहे. ज्यांचे सूर लिहून ठेवण्याची कोणास गरज भासली नाहीं, इतकीं तीं गीतें तेव्हां सर्वतोमुखीं होतीं. या पद्धतीचें बळ व दुबळेपण दोन्हीं येथेंच आहेत. एका ओळीच्या निर्देशानें सगळी धातु हातीं लागते. पण मूळ गीत विसरलें गेलें कीं त्यावर टांगलेलीं सर्व गीतें मुकीं होतात.

संशोधकास मात्र ही साखळी फार उपयोगी आहे. पदाचा कवी जुना असला तरी माथ्यावरची चाल नवी असूं शकते, आणि चाल ज्या गीताची, त्याच्या आधीं तो निर्देश लिहिला जाणें शक्य नाहीं. अण्णासाहेब किर्लोस्करांचें शाकुंतल सन १८८० च्या ऑक्टोबरांत पुण्यास रंगभूमीवर आलें, सौभद्र १८८२ मध्यें, खाडिलकरांचें मानापमान १९११ मध्यें. यांतील एखाद्या पदाची चाल बाडांत नमूद असली तर तें पान त्या सालानंतरचें, हें निर्विवाद. कागद व वळण कितीही जुनें वाटो. तीच गोष्ट ‘काळी एक’, ‘पांढरी चार’ अशा पट्टीच्या नोंदीची. हात-पेटीच्या पडद्यांवरून पडलेलीं हीं नांवें पेटी घरोघर येण्यापूर्वींच्या लेखांत असणें संभवत नाहीं. अर्थात् निर्देश मागाहून वेगळ्या शाईनें घातला आहे काय हें आधीं पाहिलें पाहिजे. तसें असेल तर एकाच बाडांत दोन पिढ्यांचा गळा आपल्यास सांपडतो, हा दुहेरी लाभ.

गीतांचा क्रम ही गौण बाब नव्हे याचें सर्वांत स्पष्ट प्रमाण महाराष्ट्राबाहेर, तंजावरास आहे. सरफोजी दुसरे (राज्यकाल १७९८ ते १८३२) यांचे ‘कोर्व्यांचे साहित्याचे जिन्नस’ हें मराठी नृत्यगीतांचें पुस्तक सरस्वतीमहाल ग्रंथालयानें प्रसिद्ध केलें आहे. त्यांत एकेका निरूपणासाठीं अठरा जिन्नस ठरवून दिलेले आहेत. जयजय, शरणु, अलारु यांनीं आरंभ, पुढें शब्द, वर्ण, पद, स्वरजति, तिल्लाना इत्यादि, आणि शेवटीं मंगल. संपूर्ण निरूपण एकाच रागांत व एकाच तालांत बांधलेलें. येथें क्रम हीच रचना आहे. अठरांतील एक जिन्नस उचलून ‘सरफोजींचें स्फुट पद’ म्हणून छापणें म्हणजे माळेंतला मणी दाखवून माळ वर्णिणें होय. याच नगरांत पुढें महाराष्ट्रीय कीर्तनकारांच्या संसर्गानें तमिळ हरिकथेंत साकी, दिंडी, ओवी, अभंग हे छंद त्यांच्या चालींसह शिरले व तेथें रुजले.

स्वरलेखन आपल्याकडे नव्हतें म्हणून चालींचे निर्देश करावे लागले, असें कोणी म्हणेल तर तें खरें नाहीं. रत्नाकरांत स्वराक्षरें आहेत. सोमनाथाच्या रागविबोधांत (सन १६०९) तर वीणेवरील गमकांसाठीं निरनिराळ्या खुणा योजून रागांचीं उदाहरणें लिहिलेलीं आहेत. गंमत अशी कीं त्याच दहा वर्षांच्या अवधींत, सन १६०० मध्यें, रोम शहरीं काव्हालिएरीच्या संगीतनाट्याची जी प्रत छापली गेली तींत खालच्या सुरावर नुसते आंकडे देऊन वाजविणाऱ्यानें वरची स्वरसंगति आपण भरावी अशी सोय केलेली आहे. आज वाद्यवृंदांतील तरुण गीताच्या शब्दांवर इंग्रजी अक्षरांनीं कॉर्ड लिहितात, तें त्या आंकड्यांचेंच दूरचें अपत्य. थोडें लिहावयाचें व उरलेलें वाजविणाऱ्याच्या शिक्षणावर सोंपवावयाचें, हें तत्त्व आमच्या कीर्तनकाराच्या ‘चाल’ शब्दांतही आहे. गोमंतकांत चर्चच्या शाळांतून युरोपीय स्वरलिपि शिकलेले वादक मुंबईस आले व सेबॅस्टियन डिसोझांसारख्यांनीं चित्रपटसंगीताचे वाद्यमेळ लिहून काढले, तेव्हां हे दोन प्रवाह एका खोलींत आले. विष्णु नारायण भातखंडे यांच्या क्रमिक पुस्तकांनीं बंदिशी थाट व राग यांच्या क्रमानें लाविल्या. ती मांडणी शिकणाऱ्यासाठीं आहे, आणि तिची योग्यता मोठी आहे; पण अमुक गवई मैफलींत काय आधीं गात असे व काय मागून, हें तींतून कळण्याचा मार्ग नाहीं.

हें सर्व सांगण्याची निकड अशी. कांहीं वर्षांपूर्वीं एका संग्राहकानें एका कीर्तनकार घराण्यांतून आलेलें बाड आम्हांस मोठ्या हौसेनें दाखविलें. त्यांनीं शिवण उसवून, पानें कात्रीनें कापून, मोरोपंतांच्या आर्या एका पाकिटांत, अमृतरायांचे कटाव दुसऱ्यांत, निनांवी पदें तिसऱ्यांत, अशी व्यवस्था लाविली होती. कांहीं चिठोऱ्यांच्या कडेस अर्धवट उभ्या रेघा दिसत होत्या. त्या कोठून निघून कोठें जात हें आतां कोणासही सांगतां येणार नाहीं. माथ्यावरच्या चालींपैकीं कित्येक, वरच्या पदाचा भाग समजून, वरच्या चिठोऱ्यासह गेल्या होत्या. त्या गृहस्थांनीं हें सारें कवींविषयींच्या आदरानेंच केलें होतें.

तेव्हां ज्यांच्याजवळ बाडें आहेत त्यांस आमची विनंती इतकीच. जुनी शिवण सुटली असेल तर पानें पुन्हां शिवण्यापूर्वीं तीं आहेत त्या क्रमानें बारीक पेन्सिलीनें अंकित करावीं व दोन्ही बाजूंचीं छायाचित्रें घ्यावींत. सूची करतांना कवीच्या नांवाआधीं पानाचा अंक, त्या पानावरील गीताचा अनुक्रम, छंद, ध्रुपदाची जागा, माथ्यावरची चाल, राग, ताल वा पट्टी जशी लिहिली असेल तशीच, आणि शाईचा रंग, अशीं घरें आंखावीं. चालीच्या निर्देशांतील शब्द अशुद्ध वाटले तरी सुधारूं नयेत. कीर्तनकार ते ऐकून लिहीत, आणि ते ज्या गीताचे आहेत तें एखाद्या दुसऱ्या बाडांत तशाच अशुद्ध रूपानें पूर्ण मिळण्याचा संभव असतो. कडेच्या रेघा, फुल्या व कोपऱ्यांचे डाग हेही शेऱ्याच्या घरांत यावेत. आमच्या जवळील बाडाची या पद्धतीनें केलेली सूची तयार असून, ज्यांस आपल्या संग्रहांतील सुदामआख्यानाशीं ती ताडून पाहावयाची असेल त्यांनीं संपादकांकडे लिहावें.